नारूला बारा महिने

साहेब, वडगावच्या परशराम कोष्ट्याला तुरुंगात घातलं ते तुम्ही. विहिरीची खराबी केली, असं तुमच्या हुकुमात होतं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच विहिरीचं पाणी पिऊन माणसं लंगडी झाली, तेव्हा तुम्हाला खराबी दिसली नाही. माणसाच्या नडगीतून नारूचा हातभर लांब जिवंत दोरा बाहेर येतो, तो दिसला नाही. भिंत तेवढी दिसली.

तुमचं नाव मी घेत नाही. खुर्चीवरचा माणूस बदलतो, खुर्ची तीच राहते, आणि मला खुर्चीशीच बोलायचं आहे. मी शाळेत गेलेला नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पोती शिवता शिवता पोत्यांवरची अक्षरं लावायला शिकलो. तेव्हा माझ्या लिहिण्यात 'मेहेरबान' आणि 'कृपावंत' शोधू नका. सापडणार नाहीत.

आमची हुडेवाडी निपाणीपासून दोन कोसांवर. काळं रान, तंबाखूचं पीक, आणि गावाच्या मधोमध पायऱ्यांची विहीर. जुनी, दगडी, देखणी. तुमच्यासारखे साहेब आले की तिच्या काठावर उभे राहून 'वा' म्हणायचे आणि आपल्या डब्यातलं पाणी प्यायचे. आम्ही त्या विहिरीचं प्यायचो. उन्हाळा तापला की कुणाच्या घोट्याला, कुणाच्या पोटरीला फोड यायचा. आग अशी की चुलीतला निखारा कातड्याखाली सरकवलाय. मग माणूस काय करणार? पायऱ्या उतरायचा आणि पाण्यात पाय सोडून बसायचा. गार वाटायचं. फोड फुटायचा आणि नारू डोकं बाहेर काढायचा. शेजारीच कुणाची तरी बायको घागर बुडवायची. महारवाड्यातल्या माणसांना मात्र त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायची बंदी, त्यांना वरून ओंजळीत पाणी ओतायचे. विटाळ पाळायचा माणसाचा, आणि नारूचं पाणी देवाच्या तांब्यात! हे गावाचं शहाणपण. ते मी झाकून ठेवणार नाही.

परशराम पहिल्यांदा आला तेव्हा मी घराच्या सोप्यात पडून होतो. डाव्या घोट्यातून नारू निघालेला, पाय भोपळ्यासारखा. बेळगावच्या कुठल्याशा सेवा पथकातली चार-पाच पोरं गावात आली होती. खादीच्या टोप्या, खांद्याला पिशव्या. बाकीचे चावडीत भाषण करत होते. हा एकटा दारात उभा राहिला. काडीसारखा माणूस, कमरेत जरा वाकलेला.

"कोण रं?" मी विचारलं.

"मी परशराम. वडगावचा."

"डाक्टर हाईस?"

"न्हाय. कोष्टी."

"मग माझा पाय कशाला बघालाईस?"

"दोरा हाय न्हवं तो? दोऱ्याचं आमाला कळतंय."

मी हसलो. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा हसलो असेन. त्यानं बाभळीची एक काडी सोलून गुळगुळीत केली, नारूचं डोकं अलगद तिच्यावर घेतलं आणि कोष्टी सुताची कांडी भरतो तशी ती फिरवली. बोटाच्या पेरभर. तेवढंच. मग काडी पायाला चिंधीनं बांधली.

"वढ की सगळा!" मी ओरडलो. "एकदाचा जाऊ दे."

"वढलास की तुटला. तुटला की आत सडतोय, मग पाय गेलाच म्हणून समज. उद्या पेरभर, परवा पेरभर. सूत आडलं की मागाला शिवी देऊन चालत न्हाय, भावकू."

भावकू म्हणजे मी. नाव त्यानं आल्या आल्या माझ्या आईला विचारून घेतलं होतं.

पथकातली पोरं भाषण करून परत गेली. हा परत परत यायचा. मोटारीनं निपाणीपर्यंत, तिथून चालत. त्यांच्या पथकातल्या कुणा डॉक्टरनं त्याला शिकवलं होतं की नारू पाण्यातून पोटात जातो, आणि दाट कापडानं पाणी गाळलं की जात नाही. एवढीच विद्या घेऊन तो आला होता. बाकी सगळं तो आमच्या गावात शिकला, आणि आमच्या गावानं त्याला फार वाईट मास्तर दिले.

त्यात पहिली नागूआक्का. नागुबाई म्हणजे आमच्या गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. त्यामुळं पाटलालासुद्धा ती 'काय रं आण्णाप्पा' म्हणायची. परशरामानं आपल्या मागावर बसून तलम, दाट, पांढरंशुभ्र कापड विणलं आणि घरटी एक तुकडा वाटला. दिवाळीत परत येऊन बघतो तर गावातली सगळी तान्ही पोरं एकाच कापडाची झबली घालून रांगताहेत. वेशीतल्या देवीलाही तेच नेसवलेलं. पाणी मात्र जसं होतं तसंच घागरीत.

"आक्का, हे पाणी गाळायला दिलतं," तो म्हणाला.

"एवढं मऊ कापाड घागरीच्या तोंडाला बांधायचं? अक्कल हाय का रं तुला? माझ्या नातवाच्या अंगाला बघ कसं शोभतंय!"

तो विहिरीच्या पायरीवर बसला. मला वाटलं आता रडेल. तो एकदम हसत सुटला. पोट धरून. एवढा हसला की नागूआक्कालाही हसू आलं. पुढं कधीतरी त्यानं मला सांगितलं, की त्या दिवशी निपाणीहून परतताना मोटारीत तो तोंडावर टोपी ठेवून रडला होता. मागावरची कमाई बुडवून, आईच्या शिव्या खाऊन ते कापड विणलं होतं त्यानं.

उन्हाळ्याच्या तोंडाला तो पुन्हा आला. खांद्यावर मोठं गाठोडं. या खेपेचं कापड मी आयुष्यात विसरणार नाही. उरलंसुरलं सूत, हिरवं, तांबडं, राखी, एकमेकांशी भांडणारं, आणि वीण अशी घट्ट की चिमूटभर पीठ खाली पडणार नाही.

"अगं आई!" नागूआक्का म्हणाली. "हे बघून पोर दचकून मरंल."

"म्हणूनच विणलंय, आक्का. आता हे पोराला घालून दाखव."

सगळ्या बायका हसल्या. कापड घेतलं. कुणी न्हाणीला पडदा केला, कुणी भाकरीच्या दुरडीवर झाकलं. काहींनी पाणीही गाळलं, खोटं का बोलू? पण तंबाखूच्या दिवसांत बाई पहाटे रानात जाणार. थेंबथेंब गळणाऱ्या घागरीजवळ कोण बसणार?

तेव्हा त्यानं ठरवलं की पायऱ्याच बंद करायच्या. खाली उतरायची वाट भिंतीनं बुजवायची, वर कठडा बांधायचा, रहाट बसवायचा, आणि पाणी वरून ओढायचं. नारूचा पाय पाण्यात जाणारच नाही मग. चावडीत हे बोलल्यावर गाव त्याच्या अंगावर धावून आला. पाय गार करायला मिळणार नाही हे कारण नव्हतं, कारण दुसरं होतं. आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिन्यानं विहिरीवर जाते. हळदकुंकू वाहते, शेवटच्या पायरीवर उभी राहून पाण्याला पाय लावते. त्यानंतर ती घरात पाणी भरू शकते. पायऱ्या बुजल्या तर बाळंतीण शुद्ध व्हायची कशी? नागूआक्कानं परशरामाला त्या दिवशी काय काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

त्याच उन्हाळ्यात तिची लेक जया बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण नीट झालं आणि घोट्याला फोड आला. सव्वा महिना झाल्यावर नागूआक्का तिला हाताला धरून विहिरीकडं घेऊन निघाली. परशराम वाटेत आडवा उभा राहिला.

"सर बाजूला," आक्का म्हणाली. "बाळंतिणीची वाट आडवतोस?"

"न्हाय आडवत. एकदा परातीत पाय बुडव म्हणतोय. मग खुशाल विहिरीत ने."

त्यानं पितळेची परात आणून अंगणात ठेवली, स्वच्छ पाणी ओतलं. जयाचा पाय आग आग करत होता, तिनं आईकडं न बघता पाय पाण्यात घातला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. फोडाच्या टोकातून पांढरं काहीतरी सुटलं. तांदळाच्या धुवणासारखं. थांबलं, पुन्हा सुटलं. धुराची रेघ हवेत जाते तशी ती पाण्यात वळत गेली, आणि बघता बघता परातीतलं पाणी गढूळ झालं.

"ही त्याची पिल्लं," परशराम हळू आवाजात म्हणाला. "हजारानं."

मी बऱ्याच गोष्टी बघितल्या आहेत, पण त्या परातीसमोर जसा उभा राहिलो तसा देवळातसुद्धा कधी उभा राहिलो नाही. भीती वाटली, आणि भीतीच्या पलीकडचंही काही वाटलं. एवढ्याशा फोडात केवढं गाव भरून ठेवलं होतं!

नागूआक्कानं परात उचलून उन्हात धरली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "काल रातच्याला चोरून जयाला पाय गार करायला मीच खाली नेलतं. आणि वर येताना घागर भरून आणली. समद्यांनी प्यालो."

पावसाच्या आधी भिंत झाली. दगड पाटलाच्या पडक्या गोठ्याचे, चुना लोकांच्या वर्गणीचा, मजुरी सगळ्यांची. जयाची पूजा आक्कानं रहाटाच्या पाण्यानं अंगणात उरकली, पण मनातून नाही. रहाट पहिल्यांदा फिरला तेव्हा पोरांनी आरडाओरडा केला. परशराम कठड्यावर चढला. आणि तिथं त्यानं ती चूक केली. आनंदाच्या भरात हात वर करून ओरडला, "पुढच्या उन्हाळ्यात हुडेवाडीत एकबी नारू निघाला तर माझं नाव बदला!"

दुसऱ्या दिवशी तो वडगावला गेला. आई आजारी पडली होती, मागावर बसणारं दुसरं कोणी नव्हतं. हिवाळा संपेपर्यंत त्याला येता आलं नाही.

आणि उन्हाळा आला. पहिला नारू पाटलाच्या सुनेला. मग शामू गवंड्याला, ज्यानं स्वतःच्या हातानं ती भिंत रचली होती. मग घरोघर. आदल्या वर्षी होते तेवढेच, कदाचित जास्तच. लोक पाय धरून सोप्यात पडले आणि खाली उतरून गार करायची सोयही राहिली नव्हती. गाव पेटला. पाण्याला बाळंतिणीचे पाय लागले नाहीत म्हणून विहिरीतली देवी, आई कोपली, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. सब्बल पहिल्यांदा कुणी उचलली? नागूआक्कानं. दुपार टळायच्या आत भिंतीचा निम्मा भाग पायऱ्यांवर घरंगळला होता.

नेमका त्याच दिवशी परशराम वेशीतून आत आला. लंगडत. उजव्या पोटरीला चिंधी, चिंधीखाली काडी. त्याच्याही पायातून नारू निघाला होता. लोकांना आधी ती काडीच दिसली.

"बघा! बघा गुरुजींचा पाय!" कुणीतरी ओरडलं. "पाणी गाळून प्या म्हनं!"

"नाव काय ठेवायचं रं आता तुझं?" दुसरा म्हणाला. "नारूप्पा ठेवू?"

हशा पिकला. तो ढासळलेल्या दगडांकडं बघत राहिला. मग तिथंच खाली बसला, पोटरीची चिंधी सोडली. मला कळलं तो काय करतोय, मी धावलो, पण उशीर झाला. ज्या माणसानं आम्हाला पेरभर, पेरभर शिकवलं, त्यानं ती काडी मुठीत धरली आणि हिसडा मारला. नारू तुटला. अर्धा काडीवर, अर्धा आत.

"जाऊ दे तिकडं!" तो म्हणाला. "मी कोष्टी हाय. माझा माग बरा. मरा तुम्ही."

हे मी लपवत नाही. परशरामाच्या गोष्टी सांगणारी माणसं आता भेटतात, ती हा भाग गाळून सांगतात. त्यांना अढळ माणूस पाहिजे असतो. अढळ माणूस मी एकही बघितलेला नाही. मोडून पडलेला आणि पुन्हा उभा राहिलेला मात्र एक बघितला. म्हणून तर लिहायला बसलो.

त्याला ताप भरला, पाय काळानिळा झाला. वडगावला नेता येईना. हसणारे आपापल्या घरी गेले होते. त्याला खांद्यावर घेऊन गेली ती भिंत फोडणारी म्हातारी. मी दुसऱ्या बाजूनं धरलं एवढंच. आपल्या घरात, बाळंतिणीच्या खोलीत तिनं त्याला टाकलं. लिंबाच्या पाल्याचा शेक, पू काढणं, कण्यांची पेज पाजणं, सगळं तिनं केलं. आणि शिव्याही चालू.

"भिंत मी फोडली, पाय तू फोडलास," ती म्हणाली. "आता दोघं बसून सांधू. निजून ऱ्हा."

ताप उतरला तसा तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागला. मी रोज जायचो. एके दिवशी त्याला म्हटलं, "पण तुला कसा काय झाला रं नारू? तू तर गाळून प्यायचास."

"माझ्या पंच्यातनं गाळून प्यायचो. पन कुणाच्या घरी गेलं की आधी गूळपाणी. तांब्या हातात दिल्यावर गाळायला कसा बसू? न्हाय म्हटलं तर पुन्हा दारात कोण उभा करंल?"

खरं होतं. आमच्याकडं दारात आलेला माणूस गुळाचा खडा आणि पाणी नाकारेल तर तो अपमान. त्यानं आमच्या गावाचा मान राखला आणि किडा गिळला. नागूआक्का चुलीजवळ बसून ऐकत होती. एकदम म्हणाली, "कदी?"

"काय कदी?"

"आमच्या हितलं पाणी शेवटचं कदी प्यालास?"

"गेल्या उन्हाळ्यात. भिंतीच्या आधी. भिंत झाल्यावर मी आलोच कुठं?"

"आन वडगावात नारू हाय?"

"न्हाय. माझ्या गल्लीत कुणी नाव सुदीक ऐकलं न्हाय."

आक्का हातातली फुंकणी खाली ठेवून त्याच्याजवळ येऊन बसली. त्याचा पाय मांडीवर घेतला. जखमेवर नव्हे, पायावरच कितीतरी वेळ हात ठेवून राहिली. पोटुशी बाईच्या पोटावर ठेवतात तसा. तिचा चेहरा मला अजून दिसतो. कुणीतरी अंधाऱ्या खोलीचं दार उघडावं आणि आतून उजेड यावा, तसा.

"खुळ्या," ती म्हणाली, "आज रायलेलं पोर उद्या येतंय का रं? नऊ महिनं पोराला लागत्यात. ह्याला बारा लागत असतील. हे गेल्या वरसाचं हाय. गावाच्या पायातलं समदं गेल्या वरसाचं हाय! भिंतीच्या आदी पोटात गेलेलं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन मी भिंत फोडली, भावकू. दिवस भरायच्या आत."

परशराम उठून बसला. डॉक्टरनं सांगितलेलं त्याला आता आठवलं, की किडा अंगात वर्षभर वाढतो. ऐकलं होतं, पण ध्यानात धरलं नव्हतं. कठड्यावर चढून तो एक वर्ष कमी बोलला होता. चूक त्याची तेवढीच, आणि तेवढीच पुरली.

संध्याकाळी नागूआक्कानं गाव विहिरीवर बोलावला. परशरामाला बाजेवर बसवून आणलं. तो म्हणाला, "चूक माझी. मी खोटं बोललो न्हाय, पन कमी बोललो." पुढचं सगळं आक्कानं सांगितलं, आपल्या भाषेत, बायकांना कळेल असं. पुरुष कुरकुरले. बायका पुढं सरकल्या. दिवस भरणं काय असतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

विहीर उपसली. पार तळ दिसेपर्यंत. नवं पाणी भरेपर्यंत आणि पाऊस लागेपर्यंत प्रत्येक घागर त्या भयंकर हिरव्या-तांबड्या कापडातून गाळून घ्यायची, असा आक्काचा हुकूम. दुरड्यांवरचे, न्हाणीतले तुकडे परत घागरींवर आले. भिंत पुन्हा उभी राहिली, आणि पहिला दगड आक्कानंच ठेवला. फक्त या वेळी तिनं एक अट घातली. पाण्यातली शेवटची पायरी, जिच्यावर पिढ्यांच्या बाळंतिणी उभ्या राहिल्या, ती शामूनं उपटून वर आणली आणि कठड्याबाहेर बसवली. बाळंतीण तिच्यावर उभी राहील, रहाटाचं पाणी पायांवर ओततील, आणि ते पाणी चरातून बाहेर परड्यात जाईल, विहिरीत नव्हे. "आई खाली होती, आता वर बसली," आक्का म्हणाली. झालं. कुणी वाद घातला नाही.

परशरामाचा पाय मात्र कायमचा आखडला. तो टाच टेकवू शकत नाही. बरा होऊन निघाला तेव्हा मी विचारलं, "आता परत येणार न्हाईस न्हवं?"

"वरीस भरायला पायजे की," तो म्हणाला. "अर्ध्यातनं कोण मागावरनं उठतंय?"

आता तुमची पाळी, साहेब.

वर्ष भरायला थोडेच महिने राहिले असताना तुमचा कागद आला. आण्णाप्पा पाटील तो हातात घेऊन खाली मान घालून उभा राहिला. परवानगीशिवाय सरकारी विहिरीची खराबी केली. विहीर पूर्ववत करावी. पुढाकार घेणाऱ्यावर खटला. परशराम तेव्हा गावातच होता. पळून गेला नाही. तुमच्या शिपायांबरोबर निघताना त्यानं नागूआक्काला एवढंच सांगितलं, "आक्का, दिवस भरू दे." त्याच्या आखडलेल्या पायाला बेडी घातली तुमच्या माणसांनी. तो पळेल म्हणून!

मग भिंत पाडायला तुम्ही स्वतः आलात. आठवतंय? घोड्यावरून, चार शिपाई आणि सब्बली घेऊन. त्या पायरीवर जया उभी होती. दुसरं बाळंतपण झालेलं. आक्का तिच्या पायांवर पाणी ओतत होती.

"हे काय चाललंय?" तुम्ही विचारलंत.

"बाळंतिणीची पूजा, साहेब. मधी कुणी बोलू ने. अपशकून हुतोय."

तुम्ही थांबलात. भल्या माणसासारखे थांबलात, ते मी नाकारत नाही. जया उतरली. तिच्या जागी पाटलाची सून चढली. मग शामूची बायको. मग रवळूची आई. शिपाई उन्हात उभे. तुम्ही घड्याळ बघताय. मग मालुबाई चढली, काठी टेकत, तोंडात एकही दात नाही.

"ही बाई बाळंतीण आहे?" तुम्ही ओरडलात.

"व्हय की," आक्का म्हणाली. "पूजा ऱ्हायली हुती. हा उभा हाय न्हवं तुमच्यामागं, हा तिचाच ल्योक."

तुमच्यामागं साठीचा म्हातारा उभा होता, पागोटं घालून. तुमच्याच एका शिपायाला हसू फुटलं. महारवाड्यातल्या बायकाही रांगेत आल्या, आणि त्या दिवशी, तुमच्यासमोर, आक्कानं पहिल्यांदा त्यांच्याही पायांवर स्वतःच्या हातानं पाणी ओतलं. ज्या पायरीवर त्यांना कधी पाऊल ठेवू दिलं नव्हतं, त्याच पायरीवर. गावातले काही पुरुष तोंड फिरवून गेले. जाऊ देत. मी रांगेचं टोक बघायला गेलो तर ती वेशीपर्यंत गेली होती. त्या गावात मी जन्मलो, पण एवढ्या आया त्या गावात राहतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तुम्ही घोडा वळवलात. पुन्हा आला नाहीत. पण परशरामाला सोडलंही नाहीत.

उन्हाळा तापला. आम्ही सकाळी उठून आपले पाय बघायचो. एकमेकांचे बघायचो. पोरांच्या पोटऱ्या चाचपायचो. डास चावला तरी घर गोळा व्हायचं. उन्हाळा अर्धा झाला. तंबाखूची रानं नांगरली, लोक ढेकळांतून अनवाणी चालत होते आणि मी बांधावर उभा राहून नुसते पाय बघत होतो. सगळे सरळ पडत होते. कुणीच लंगडत नव्हतं. सूर्य उगवतो तेव्हा आवाज होत नाही, तसं ते झालं. जे आलं नाही ते बघायला गाव बाहेर पडला होता. म्हातारे मांडीवर हात मारून म्हणत, "असा उन्हाळा बघितलाच न्हाय." पहिला पाऊस पडला आणि नागूआक्का पायरीवर बसून मोठ्यानं रडली. तिला रडताना त्याआधी मी बघितलं नव्हतं.

आम्ही दोघं तुरुंगात त्याला भेटायला गेलो. तो गजांपलीकडं आला, टाच उचलून, हडकलेला. आक्कानं काही बोलायच्या आत त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं.

"किती निघालं?"

"एकबी न्हाय."

"शामूला?"

"न्हाय रं बाबा. कुणालाच न्हाय."

तो गज धरून उभा राहिला. मग त्यानं वाकून आपल्या आखडलेल्या पोटरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "दिवस भरलं म्हणायचं." पहारेकरी वेळ संपली म्हणून सांगायला आला होता, तोही थांबला.

तो सुटला. वडगावला आईला भेटला, मागावर बसला, आणि दिवाळीनंतर खांद्यावर तेच हिरवं-तांबडं गाठोडं घेऊन आमच्या पलीकडच्या गावात गेला. तिथंही पायऱ्यांची विहीर आहे. तिथंही लोक त्याला हसले, कापडाचे पडदे केले. तो लंगडत जातो, परत येतो, पुन्हा जातो. आता कठड्यावर चढून काही बोलत नाही. नागूआक्का मागून बैलगाडीतून जाते आणि तिथल्या सुइणींना दिवस मोजायला शिकवते. भिंत कमरेएवढी झाली, आणि साहेब, परवा तिथंही तुमचा कागद आला. तेच शब्द. परवानगी. खराबी. पूर्ववत.

म्हणून विचारतो. पूर्ववत म्हणजे काय करायचं? आमच्या पायांत पुन्हा नारू घालायचा? ज्यानं तो काढला त्याला बेडी, तर ज्यांनी इतकी वर्षं तो तसाच ठेवला त्यांना काय?

याचं उत्तर टपालानं पाठवू नका. त्या गावात या. तुम्ही पाहुणे. आमच्याकडं दारात आलेल्याला आधी गूळपाणी देतात, तुम्हालाही देऊ. पाणी त्या पायऱ्यांच्या विहिरीचं असेल, आणि गाळलेलं नसेल. परशराम असंच प्यायला होता.

तुम्ही प्याल का, साहेब? उत्तर द्या.